बायोप्सीचा तुकडा कोणत्या बाटलीत गेला?

पंचविशीतल्या मुलीच्या मानेत गाठ आली आणि रोज संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, की पुण्यात पहिली शंका टीबीची घेतली जाते. ते योग्यच आहे. आपल्याकडे टीबी इतका आहे की मानेतल्या गाठीत त्याचा विचार आधी करायलाच हवा. मग सुईने गाठीतल्या पेशी काढतात, म्हणजे एफएनएसी करतात. रिपोर्टमध्ये ‘नेक्रोसिस’, म्हणजे मेलेल्या पेशी दिसल्या, असं येतं आणि सहा महिन्यांची औषधं सुरू होतात. दोन महिन्यांत ताप जातो, गाठ विरते, घरचे निश्चिंत होतात.

पण अशाच गाठी आणि असाच ताप किकुची नावाच्या आजारातही येतो. 1972 मध्ये जपानमधल्या किकुची आणि फुजिमोतो या दोघांनी तो स्वतंत्रपणे नोंदवला. तो बहुतेक चाळिशीच्या आतल्यांना होतो, मुलींमध्ये जास्त दिसतो आणि एक ते चार महिन्यांत आपोआप बरा होतो. इथेच खरी फसगत आहे. औषधं दिली नसती तरी गाठ विरली असती, पण ती औषधं चालू असताना विरली, म्हणून टीबीचं निदान खरं ठरलं असं सगळेच धरून चालतात. चुकीचं निदान आणि चांगला गुण, दोन्ही एकाच वेळी. यकृतावर ताण आणणारी औषधं त्या मुलीने सहा महिने विनाकारण खाल्ली, एवढंच नुकसान नाही. किकुची झालेल्या काही जणींना पुढे ल्युपस होतो, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. ज्या मुलीच्या फाइलवर टीबी लिहिलंय, तिच्यावर त्या दृष्टीने कुणी लक्ष ठेवत नाही.

गाठ पूर्ण काढून तपासली तर फरक दिसतो. टीबीत पेशींचे पुंजके बनतात, त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. मधला भाग मेलेला असतो आणि कडेला अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी असतात. किकुचीतही पेशी मेलेल्या असतात, केंद्रकांचा चुरा पडलेला असतो, पण एरवी अशा जागी गर्दी करणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी जवळपास नसतातच. तो चुरा उचलणाऱ्या पेशींची केंद्रकं चंद्रकोरीच्या आकाराची झालेली असतात. सुईने काढलेल्या थेंबभर नमुन्यात पेशी सुट्या होऊन येतात, ही मांडणी कळत नाही. त्यामुळे नुसत्या एफएनएसीवरून किकुची नक्की सांगणं अवघड असतं.

मी पुण्यात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. दुर्मीळ आजाराचं निदान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे महागडी मशीन येतात, जीन तपासणी येते, परदेशात पाठवलेला नमुना येतो. माझं ठाम मत असं आहे की या निदानाचं बरंचसं भवितव्य त्याच्या खूप आधी ठरतं: शरीरातून तुकडा काढला त्या क्षणी तो कोणत्या बाटलीत टाकला आणि सोबतच्या फॉर्मवर काय लिहिलं, यावर.

फॉर्मॅलिनमध्ये काय होतं

बायोप्सीचा तुकडा सहसा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. 10 टक्के फॉर्मॅलिन म्हणजे साधारण 4 टक्के फॉर्माल्डिहाइड. ते प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतं, त्यामुळे तुकडा सडायचा थांबतो आणि पेशी जशा होत्या तशा राहतात. तुकड्याच्या निदान दहापट द्रव हवा. लहान बाटलीत मोठी गाठ कोंबली तर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचत नाही, मधला भाग खराब होतो आणि नेमकं तिथेच उत्तर असलं तर ते गेलं.

लॅबमध्ये त्या तुकड्यातलं पाणी अल्कोहोलने काढतात, मग झायलिन, मग साधारण 60 अंशांवर वितळवलेलं पॅराफिन मेण. मेण थिजलं की तयार होतो तो ब्लॉक. त्याचे 3 ते 4 मायक्रॉन जाडीचे काप काढतात. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घेतात आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या दोन रंगांनी रंगवतात. केंद्रकं निळी-जांभळी होतात, बाकी सगळं गुलाबी. बहुतेक आजारांचं निदान एवढ्यावर होतं. रिपोर्टला तीन-चार दिवस लागतात ते याच कामासाठी. मध्येच घाई केली तर काप बिघडतो.

पण फॉर्मॅलिन जे टिकवतं त्याबरोबर बरंच काही मारतंही. जंतू मरतात, म्हणून फॉर्मॅलिनमधल्या तुकड्याचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहणं, होत नाही. एन्झाइमचं काम थांबतं. काही प्रथिनांचे आकार असे बदलतात की त्यांना ओळखणाऱ्या तपासण्या चालत नाहीत. ही सगळी उत्तरं हवी असतील तर तुकड्याचा काही भाग आधीच बाजूला काढावा लागतो. एकदा सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला की परतीचा रस्ता नाही. बायोप्सी पुन्हा करावी लागते.

वरच्याच मुलीचं घ्या. तिची गाठ काढताना अर्धा भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि अर्धा साध्या सलाइनमध्ये घेतला, तर सलाइनमधल्या भागावर सीबीनाट, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, आणि टीबीचं कल्चर दोन्ही होतं. कल्चरला सहा आठवडे लागू शकतात, सीबीनाट त्याच दिवशी सांगतं. स्लाइडवर टीबीचे जंतू दाखवणाऱ्या नुसत्या झील-नील्सन रंगावर विसंबून चालत नाही, कारण त्यात टीबीचे जंतू दिसायला ते भरपूर असावे लागतात आणि गाठीत ते थोडेच असतात. ‘जंतू दिसले नाहीत’ म्हणजे टीबी नाही असं होत नाही. आणि सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये असेल तर कल्चरची सोयच उरत नाही.

मूत्रपिंडाच्या बायोप्सीत हे फार स्पष्ट दिसतं. सोनोग्राफीवर बघत सुईने सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांबीचे, सुतळीहूनही बारीक तुकडे काढतात आणि त्यांचे तीन वाटे करतात. एक फॉर्मॅलिनमध्ये, साध्या सूक्ष्मदर्शकासाठी. दुसरा सलाइनमध्ये किंवा मिशेल माध्यम या प्रतिपिंडं टिकवणाऱ्या द्रवात, इम्युनोफ्लुओरोसन्ससाठी, म्हणजे साचलेली प्रतिपिंडं चमकवून पाहण्यासाठी. तिसरा अगदी छोटा ग्लुटारल्डिहाइडमध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. लघवीतून रक्त जाणारा एखादा मुलगा असतो, त्याला थोडं कमी ऐकू येतं आणि मामालाही मूत्रपिंडाचा त्रास होता. साध्या स्लाइडवर सगळं जवळपास ठीक दिसतं. दुसऱ्या वाट्यात आयजीए नावाची प्रतिपिंडं गाळणीत साचलेली चमकली तर आयजीए नेफ्रोपथी. तिथेही काही नसेल आणि तिसऱ्या वाट्यात गाळणीचा पडदा कुठे पातळ, कुठे जाड आणि पदर सुटलेला दिसला तर अल्पोर्ट सिंड्रोम हा जनुकीय आजार. तिसरा वाटा घेतलाच नसेल, तर ‘विशेष काही नाही’ असा रिपोर्ट जातो आणि तो वाचून घरचे निश्चिंत होतात. मामाचा उल्लेख फॉर्मवर असता तर तो वाटा नक्की घेतला गेला असता. आणि अल्पोर्टची शंका आधीच पक्की असेल तर आज बऱ्याचदा बायोप्सीऐवजी थेट जीन तपासणीही करता येते.

त्वचेवर फोड येणाऱ्या पेम्फिगससारख्या आजारातही दोन बाटल्या लागतात, आणि शिवाय जागा दोन. फोडाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये. फोडाशेजारच्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या कातडीचा तुकडा मिशेल माध्यमात. रुग्ण विचारतात, चांगल्या कातडीला का हात लावता? फोडात सगळी उलथापालथ झालेली असते, प्रतिपिंडांची जाळी शेजारच्या शाबूत कातडीतच नीट दिसते.

स्नायूची बायोप्सी याहून नाजूक. तो तुकडा फॉर्मॅलिनमध्येही नको आणि सलाइनमध्ये बुडवूनही नको. सलाइनने किंचित ओलावलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, बर्फावरच्या डबीत, तासाभरात लॅबला पोचवायचा. तिथे द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तो क्षणात गोठवतात. सलाइनमध्ये भिजलेला तुकडा गोठवला की पाण्याचे स्फटिक होतात, पेशींना भोकं पडतात आणि खऱ्या आजाराच्या खुणा त्यांत हरवतात. म्हणून ही बायोप्सी सकाळी आणि लॅबशी आधी बोलून ठेवायची असते. दुपारी सुरू करून संध्याकाळी विद्यापीठ चौकात अडकलेल्या माणसाच्या हाती तुकडा देणं परवडत नाही.

प्रश्न विचारला नाही तर रंग सांगत नाही

अमायलॉइडोसिस हे याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण. त्यात एक प्रकारचं चुकीच्या घडीचं प्रथिन हृदयात, मूत्रपिंडात, नसांमध्ये साचतं. नेहमीच्या रंगात ते फिकट गुलाबी, निराकार दिसतं. शेकडो इतर गोष्टीही तशाच दिसतात. काँगो रेड हा रंग देऊन ध्रुवीकृत प्रकाशात पाहिलं की तेच साठे सफरचंदी हिरवे चमकतात. पण त्यासाठी नेहमीपेक्षा जाड, 8 ते 10 मायक्रॉनचा काप लागतो. म्हणजे लॅबला हे आधी कळायला हवं. दोन्ही मनगटांची कार्पल टनेलची शस्त्रक्रिया झालेली, चालताना दम लागणारी सत्तरीची व्यक्ती, असं फॉर्मवर असेल तर आम्ही स्वतःहून काँगो रेड लावतो. ‘बायोप्सी, कृपया रिपोर्ट द्यावा’ एवढंच असेल तर तो रंग कुणाला आठवेलच असं नाही.

हिरवं चमकलं म्हणूनही काम संपत नाही. साचलेलं प्रथिन कोणतं हे ठरवावंच लागतं. अस्थिमज्जेतल्या बिघडलेल्या पेशी ते बनवत असतील तर उपचार रक्ताच्या कर्करोगासारखे. ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन असेल तर उपचार पूर्ण वेगळे. आणि वर्षानुवर्षे अंगात राहिलेल्या टीबीसारख्या जंतुसंसर्गाने झालेला एए प्रकार असेल, तर मूळ संसर्गाकडे जायला हवं. एका प्रकारचे उपचार दुसऱ्याला दिले तर फायदा होत नाही, नुकसान मात्र होतं. सगळ्यात खात्रीचं उत्तर मास स्पेक्ट्रोमेट्री देते, म्हणजे कापातला साठा नेमका कापून घेऊन त्यातलं प्रथिन ओळखणं. त्यासाठी पुन्हा तोच मेणाचा ब्लॉक कामी येतो.

इथे आपली एक जुनी म्हण मात्र अडचणीत येते. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळा एकाच आचेवर शिजलेला असतो. आजार तसा पसरत नाही. सार्कॉइडोसिस या आजारातले ग्रॅन्युलोमाचे पुंजके फुप्फुसात ठिकठिकाणी असतात. डोक्यातल्या धमनीचा दाह होणाऱ्या आजारात सूज धमनीत तुकड्या-तुकड्याने असते. त्यामुळे धमनीचा तुकडा सेंटिमीटरभर लांब घ्यायला सांगतात आणि तो निर्दोष आला तरी डॉक्टर फक्त त्यावर औषध बंद करत नाहीत. रिपोर्टवर ‘दिसलं नाही’ असतं, त्याचा अर्थ ‘या तुकड्यात दिसलं नाही’ एवढाच.

रक्ततपासणी आणि आकड्यांचा चकवा

आता रक्ताकडे. पुण्यात हल्ली घरी येऊन रक्त घेणारी पॅकेजं सर्रास मिळतात आणि त्यांत काहीवेळा दुर्मीळ आजारांच्या तपासण्याही असतात. इथे थोडं गणित करू, कारण मला वाटतं हे प्रत्येकाला ठाऊक असायलाच हवं.

समजा एक आजार 10,000 जणांत एकाला होतो आणि त्याची तपासणी 99 टक्के अचूक आहे, म्हणजे आजारी माणसांत 99 टक्के वेळा पॉझिटिव्ह आणि निरोगी माणसांत 99 टक्के वेळा निगेटिव्ह. 10 लाख लोकांची तपासणी केली. त्यांत आजारी 100. त्यांपैकी 99 पकडले गेले. उरलेल्या 9,99,900 निरोगी लोकांपैकी 1 टक्का, म्हणजे 9,999 जणही पॉझिटिव्ह आले. एकूण पॉझिटिव्ह 10,098 आणि त्यांत खरे आजारी फक्त 99. शंभरात एकही नाही.

हीच तपासणी डॉक्टरांनी लक्षणं पाहून, चौघांत एकाला हा आजार असेल असं वाटणाऱ्या लोकांवर केली तर? 100 जणांत 25 आजारी, जवळपास सगळे पकडले गेले. 75 निरोगी, त्यांतला फार तर एक चुकून पॉझिटिव्ह. आता पॉझिटिव्ह म्हणजे जवळपास निश्चित आजार. तपासणी तीच, यंत्र तेच, पण निकालाचा अर्थ उलटा झाला. म्हणूनच लक्षणं नसताना केलेली एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी, रक्त 80 पट पातळ करूनही (1:80 ला) पॉझिटिव्ह आली म्हणून ल्युपसच्या भीतीने झोप उडवून घेऊ नये. निरोगी लोकांतही शंभरात दहा-पंधरा जणांत तसं येतं. ती आधी सांगितलेली किकुचीची मुलगी मात्र सांधे दुखतात, उन्हात पुरळ येतं, असं म्हणत असेल तर त्याच आकड्याला वजन येतं.

काही आजारांत मात्र तुकडा लागतच नाही, आणि हे ठाऊक नसल्याने माणसं उगीच सुयांखाली जातात. मोठी झालेली प्लीहा, कमी प्लेटलेट आणि हाडं दुखणारं मूल, यात गॉशे या एन्झाइमच्या कमतरतेच्या आजाराचा विचार झाला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधलं बीटा-ग्लुकोसिडेज एन्झाइम मोजून निदान होतं. वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरही ते मोजता येतं. अस्थिमज्जेत गॉशे पेशी दिसतात खऱ्या, पण तशा दिसणाऱ्या पेशी इतर काही आजारांतही असतात. शरीरात तांबं साचणाऱ्या विल्सन आजारात सेरुलोप्लाझ्मिन हे रक्तातलं प्रथिन, 24 तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्याच्या बुबुळाभोवतालचं तपकिरी कडं, एवढ्यावर बहुतेकदा काम होतं. उत्तर आलंच नाही तर यकृताच्या तुकड्यातलं तांबं मोजतात. दोन्ही आजारांवर उपचार आहेत, म्हणून या ठिकाणी वेळ वाया गेला की मनाला फार लागतं.

जीन तपासणीबद्दल इतकंच सांगते की ‘एक्झोम नॉर्मल आहे’ म्हणजे जनुकीय आजार नाही, असं नाही. एक्झोम म्हणजे आपल्या डीएनएपैकी प्रथिनं बनवणारा साधारण एक-दोन टक्के भाग. ड्युशेन स्नायुक्षयात बऱ्याच मुलांच्या जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असतो. त्यासाठी एमएलपीए ही वेगळी तपासणी आधी करतात. काही आजारांत अक्षरांची पुनरावृत्ती वाढलेली असते, तीही एक्झोममध्ये सहसा सुटते. आणि रिपोर्टवर ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला, तर त्यावरून उपचार किंवा गर्भपातासारखा निर्णय कधीही घेऊ नये. आईवडिलांचे नमुने तपासले की अशा बऱ्याच बदलांचा उलगडा होतो.

दुर्मीळ आजार कायम दुर्मीळ राहत नाही

पुणेकरांनी हे अलीकडे दोनदा पाहिलं. 2021 च्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी, म्हणजे म्युकर, घरोघरी ऐकू येऊ लागला. नाकातून काढलेला तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून काही मिनिटांत पाहता येतो. म्युकरचे धागे रुंद, पट्टीसारखे, आडपडदे जवळपास नसलेले आणि काटकोनात फुटणारे असतात. अस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे धागे बारीक, आडपडद्यांचे, कमी कोनात फुटणारे. हा फरक जीवघेणा आहे: अस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही, तिथे अँफोटेरिसिन लागतं. आणि कल्चरला पाठवताना हा तुकडा कुटायचा नसतो. कुटला की म्युकरचे धागे तुटून मरतात आणि कल्चर निगेटिव्ह येतं. बारीक चिरून पेरायचा.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे प्रतिकारशक्ती नसांवर उलटून हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, रुग्ण वाढू लागले आणि संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. एरवी हा आजार वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. त्या दिवसांत नऱ्हे-धायरीकडून आलेला आणि आठवडाभरापूर्वी जुलाब झालेला माणूस ‘पाय उचलत नाहीत’ म्हणाला, की डॉक्टरांच्या मनातली शक्यता एकदम वर जायची. वरचं गणित इथे उलट्या बाजूने लागू झालं. पाठीच्या पाण्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र नेहमीइतक्याच, ही या आजाराची खूण. पण पहिल्या आठवड्यात प्रथिनंही नेहमीची असू शकतात, म्हणून नसांची विद्युत तपासणी सोबत लागते. रुग्णांच्या शौचाचे नमुने पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले, त्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू आणि नोरोव्हायरस सापडले.

तुमच्या हातात काय आहे

बायोप्सीच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा: तुकड्याचा काही भाग फॉर्मॅलिनशिवाय ठेवायचा आहे का? हा प्रश्न उद्धट नाही, आणि चांगला सर्जन त्यावर दोन मिनिटं थांबून विचार करतो. फॉर्मवर वय आणि नावाशिवाय किती दिवसांचा त्रास, आधीची औषधं (स्टेरॉइड आणि टीबीची तर हमखास), घरातल्या कुणाला तसाच आजार, आईवडील नात्यातले आहेत का, प्रवास, व्यवसाय हे लिहून द्या. फॉर्मवर जागा नसेल तर वेगळा कागद टाचा.

निदान पक्कं झालं आणि उपचार महाग असले तर केंद्राचं 2021 चं दुर्मीळ आजार धोरण पाहा. त्यातल्या आजारांसाठी ठरवलेल्या केंद्रांमार्फत 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. पुण्याच्या लोकांना जवळचं केंद्र मुंबईतलं परळचं केईएम आहे, रास्ता पेठेतलं केईएम नव्हे. पहिल्या भेटीलाच एन्झाइमचा आणि जीनचा मूळ रिपोर्ट सोबत न्या.

आणि रिपोर्ट शंकास्पद वाटला तर पुन्हा सुई टोचून घेण्याआधी ब्लॉक आणि स्लाइड मागा. रीतसर अर्ज देऊन ते लॅबकडून मिळतात, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात आणि त्याच ब्लॉकमधून नवे काप काढून नवे रंग देता येतात. मेणातला तुकडा वर्षानुवर्षे टिकतो. सोबत पहिल्या रिपोर्टची प्रत आणि फॉर्मवर लिहिलेली सगळी माहिती पुन्हा द्या, ‘दुसरं मत हवं’ एवढीच चिठ्ठी नको. एप्रिल-मेमध्ये नेणार असाल तर ब्लॉकची डबी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. मेण मऊ पडून तुकडा हलला की त्यातून चांगला काप काढणं अवघड होतं.